पुरवून खाणं म्हणजे नेमकं काय?

१. मिळकत सारखी, मग उसनवारी एकाच घरात का?

हा प्रश्न बहुतेक घरांत दबक्या आवाजात विचारला जातो. शेजारच्या घरात आपल्याएवढेच पैसे येतात, माणसंही तेवढीच. तरी त्यांच्यावर महिनाअखेरीस हात पसरायची पाळी येत नाही, आपल्यावर मात्र येते. यावर ठरलेलं उत्तर असतं, ‘ते काटकसरीनं राहतात.’ म्हणजे आपण उधळे. पण उधळायला मुळात असतं किती?

सोलापूरच्या भवानी पेठेतलं एक घर समजा. हे घर मी हिशेबापुरतं बनवलंय, पण घोंगडे वस्तीकडच्या कुठल्याही बोळात शोभेल असं आहे. नवरा यंत्रमागावर, टॉवेलच्या कारखान्यात. बायको दाराच्या उजेडात मांडीवर सूप घेऊन विड्या वळते. दोन मुलं आणि सासूबाई, अशी पाच माणसं. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, पलीकडच्या बोळात कन्नड आणि दखनी. नवऱ्याला मजुरी आठवड्याला मिळते, बायकोला हजार विड्यांमागे ठरलेल्या दरानं. दोघांची मिळून आठवड्याला ४,५०० रुपये धरू.

या घराचा खर्च बारकाईनं पाहिला तर कापण्यासारखं फारसं काही सापडत नाही. चहात साखर कमी घाला, दिवा लवकर मालवा असले सल्ले देणाऱ्यानं आधी तिथं आठवडाभर राहून पाहावं. अडचण वेगळीच असते. पैसे येतात एका दिवशी आणि लागतात दुसऱ्याच दिवशी. पाण्याचंही तेच, धान्याचंही तेच.

या घरात चार घड्याळं एकाच वेळी चालतात. मजुरीचं घड्याळ आठवड्याचं. नळाचं तीन, चार, कधी पाच दिवसांचं. रेशन, भाडं, लाइट बिल आणि भिशी यांचं महिन्याचं. ज्वारी, मिरची, शाळेची वह्या-पुस्तकं यांचं वर्षाचं. ही चार घड्याळं जुळवून घेणं यालाच आपल्याकडच्या बायका पुरवून खाणं म्हणतात. खर्च कमी करणं हा त्याचा एक भाग झाला, आणि तोही लहानसा.

२. पाचवा आठवडा

सगळ्यात सोप्या घड्याळापासून सुरुवात करू.

महिन्याचे आठवडे किती? चार, असं आपण पटकन म्हणतो. पण वर्षाचे आठवडे ५२ आणि महिने १२. बारा चोक अठ्ठेचाळीस. मग उरलेले चार आठवडे गेले कुठे? ते वर्षभर विखुरलेले असतात. वर्षातले चार महिने असे निघतात की त्यांत मजुरीचा दिवस पाच वेळा येतो.

आपल्या घराचा हिशेब करू. ४,५०० गुणिले ५२, म्हणजे २,३४,००० रुपये. महिन्याला चारच आठवडे धरले तर १८,००० गुणिले १२, म्हणजे २,१६,००० रुपये. फरक १८,००० रुपयांचा.

हे १८,००० जास्तीचे नाहीत, कष्टाचेच आहेत. पण जे घर रोजचा खर्च मिळेल त्या मजुरीवर चालवतं, त्याच्या हातून पाचवा आठवडा इतर आठवड्यांसारखाच निसटून जातो. जे घर महिना चार आठवड्यांत बसवतं, त्याच्यापाशी वर्षातून चारदा ४,५०० रुपये मोकळे होतात. एक हप्ता ज्वारीला, एक जूनच्या शाळेला, एक दसरा-दिवाळीला, एक अडीअडचणीला.

हे कागदावर जेवढं सरळ दिसतं तेवढं प्रत्यक्षात नसतं. सुताचा भाव चढला, टॉवेलला उठाव नसला की माग बंद पडतात. पानं खराब आली तर हजार विड्या पुऱ्या होत नाहीत, त्यात काही विड्या खराब म्हणून बाजूला काढल्या जातात. म्हणून हिशेब नेहमी वाईट आठवड्याचा धरायचा. चांगल्या आठवड्यावर महिना बांधणारा पहिल्याच मंदीत कोलमडतो.

३. साठा किती असावा?

यंत्रमागावर काम केलेल्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. धोट्यातली सुताची कांडी पूर्ण संपेपर्यंत वाट पाहिली तर माग मोकळाच धावतो आणि कापडात दोष राहतो. कांडी संपत आली हे ओळखून दुसरी भरलेली हाताशी ठेवावी लागते. घरातल्या प्रत्येक जिनसाला असाच एक क्षण असतो. डबा रिकामा झाल्यावर वाण्याकडे पळणं म्हणजे सुटं, महाग आणि बहुधा उधारीवर घेणं.

हा क्षण काढायची रीत साधी आहे. रोज किती लागतं? नवीन यायला किती दिवस लागतात? या दोन आकड्यांचा गुणाकार करायचा आणि उशीर होईल म्हणून थोडं वर धरायचं.

हीच रीत पाण्याला लावून पाहू, कारण सोलापुरात घराची खरी परीक्षा पाणी घेतं. उजनीचं धरण भीमेवर, शहरापासून शंभराहून अधिक किलोमीटर लांब. तिथून नळानं पाणी येतं. टाकळीचा उपसा आणि जुना हिप्परग्याचा तलाव यांचीही भर असते. तरीही शहराच्या अनेक भागांनी रोजचा नळ वर्षानुवर्षं पाहिलेला नाही. पाण्याचा दिवस कुठला हे मुलांनाही पाठ असतं आणि नळ सोडणारा चावीवाला उशिरा आला तर अख्ख्या गल्लीचा दिवस उलटापालटा होतो.

शहरी पाणीयोजना आखताना माणशी रोज १३५ लिटर धरतात. आपलं घर त्याच्या निम्म्यानंही चालतं. ६० लिटर धरू. पाच माणसांना रोज ३०० लिटर. नळ दर चार दिवसांनी, तर १,२०० लिटर. चावीवाल्याच्या लहरीसाठी एक दिवस वाढवला तर १,५०० लिटर. दोनशे लिटरचे साडेसात बॅरल. एक बॅरल अंदाजे चार चौरस फूट जागा अडवतो. म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीतली तीस चौरस फूट जागा पाण्याचीच. माणसांनी राहायचं कुठं?

इथं घर चालवणारीची अक्कल दिसते. ती पाणी कमी वापरत नाही, कामाचा दिवस बदलते. कपडे, अंथरुणं, फरशी ही कामं पाण्याच्या दिवशी नळ चालू असतानाच उरकून घ्यायची. रोजच्या ३०० लिटरांतले समजा ७५ लिटर या कामांचे होते. ते साठवायची गरजच संपली. आता रोजचे २२५ गुणिले पाच, म्हणजे १,१२५ लिटर. सहा बॅरलांत बसलं. कपडे तेवढेच धुतले, जागा मात्र सुटली.

पाणी साठवण्यात दोन चुका फार दिसतात. एक, नवीन पाणी आलं की कालपरवाचं ‘शिळं’ म्हणून मोरीत ओतून देणं. झाकून ठेवलेलं पाणी चार दिवसांत शिळं होत नाही. दुसरी चूक जास्त घातक. राखीव म्हणून एक बॅरल कोपऱ्यात कायम भरलेला ठेवतात आणि त्याला हातच लावत नाहीत. डेंग्यूचा डास घाण गटारात अंडी घालत नाही, त्याला घरातलं असंच स्वच्छ, थांबलेलं पाणी लागतं. सोलापूरच्या उकाड्यात अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून राखीव बॅरल दर खेपेला बदलायचा. गेल्या खेपेचा राखीव यावेळी सगळ्यात आधी वापरायचा, रिकामा झाला की आतून घासायचा, मगच भरायचा. नुसता उपडा करून भागत नाही. अंडी पाण्याच्या काठाला, बॅरलच्या आतल्या अंगाला चिकटलेली असतात आणि कोरड्यात महिनोन्महिने तग धरतात. आठवड्याचा ‘कोरडा दिवस’ पाळा असं आरोग्य खात्याची माणसं सांगत फिरतात ते यासाठीच.

जुनं आधी, नवं नंतर हाच नियम पिठाच्या डब्यालाही लागू. जुन्या पिठावर नवं ओतलं की तळातलं कधीच वर येत नाही आणि एक दिवस सगळ्याच डब्यात जाळी धरते.

४. स्वस्त घ्यायलाही पैसे लागतात

आता वर्षाचं घड्याळ, म्हणजे ज्वारी.

सोलापूर जिल्हा रब्बी ज्वारीचा. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. फाल्गुनाच्या आसपास रास होते, बाजारात माल येतो, भाव उतरतो. आषाढ-श्रावणात तोच दाणा चढ्या भावानं घ्यावा लागतो. म्हणून वर्षाची ज्वारी एकदाच भरून ठेवावी, असं आजीपासून सगळे सांगतात. सल्ला बरोबर आहे, फक्त आजीकडे शेत होतं.

प्राधान्य गटाच्या रेशनकार्डावर अन्न सुरक्षा कायद्यानं माणशी पाच किलो धान्य मिळतं. पाच माणसांना महिन्याला २५ किलो. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पण त्यात मुख्यतः गहू आणि तांदूळ, आणि या घराला रात्री भाकरी लागते. वर्षाला दोन क्विंटल ज्वारी धरू. सुगीत किलोला ३५ रुपये आणि वर्षभर सुटी घेतली तर सरासरी ४० असा भाव समजू. (भाव हिशेबापुरते आहेत, आपल्या बाजारातले घालून पाहावेत.) एकदम घेतली तर ७,०००, सुटी घेतली तर ८,०००. हजार रुपये वाचले.

आता हे ७,००० आणायचे कुठून? सावकाराकडून शेकडा पाचानं उचलले तर पहिल्याच महिन्याचं व्याज ३५० रुपये. मुद्दल तसंच राहिलं तर तीन महिन्यांत १,०५० रुपये व्याज झालं. साठवणीतून जे वाचणार होतं त्याहून जास्त गेलं. म्हणजे त्या घराला सुटी ज्वारी घेणंच स्वस्त. ते घर अडाणी म्हणून सुटं घेत नाही, बरोबर हिशेब करूनच घेतं. शांपूच्या एक-दोन रुपयांच्या पुड्या, पाव किलो तेल, पाच रुपयांची चहापत्ती या सगळ्यामागे हेच गणित असतं. गरिबाला वस्तू महाग पडतात, कारण मोठं माप घ्यायची ऐपत त्या दिवशी हातात नसते.

सुगीच्या वेळी हातात स्वतःचे पैसे असले तरच साठवण फायद्याची. पाचव्या आठवड्याचा एक हप्ता ज्वारीला राखायचा तो म्हणून. उरलेल्या अडीच हजारांसाठी भिशी, ती पुढच्या भागात येतेय.

आधी दाणा टिकवायचं सांगून टाकतो. पूर्वी गावाकडे कणगी असायची, जमिनीत पेव असायचं. पेठेतल्या खोलीत पत्र्याची कोठी असते. दाणा उन्हात असा वाळवायचा की दाताखाली धरला तर कट्‌कन तुटावा, दबू नये. ओल साधारण दहा-बारा टक्क्यांच्या खाली गेली की सोंड्यांची वाढ मंदावते आणि बुरशीही धरत नाही. उन्हातून काढलेली ज्वारी गरम असतानाच कोठीत भरू नये, आत घाम धरतो. कोठी भिंतीला टेकवून ठेवायची नाही, खाली विटा द्यायच्या. कडुनिंबाचा पाला घालतात तो पूर्ण वाळलेला हवा, नाही तर पाल्याचीच ओल दाण्याला लागते.

सोलापूरची कडक भाकरी याच विद्येची पुढची पायरी. पातळ थापायची, पूर्ण सुकेपर्यंत भाजायची, पाण्याचा अंश राहू द्यायचा नाही. मग ती आठवडेच्या आठवडे टिकते. सोबतची शेंगाचटणीही बिनपाण्याची, उखळात कुटल्यावर दाण्याचंच तेल सुटतं. सणाच्या आधी विड्यांचं काम वाढलं की चूल न पेटवता दोन दिवस निघतात. पर्यटक याला खासियत म्हणून डब्यात भरून नेतात.

५. भिशीचं गणित

भिशीला बायकांचा पार्टीचा कार्यक्रम समजणारे पुष्कळ. पेठेत ती बँक आहे.

साधा प्रकार असा. बारा जणी, दरमहा हजार रुपये. दर महिन्याला १२,००० जमतात आणि चिठ्ठीत नाव निघेल ती उचलते. वर्षभरात प्रत्येकीला एकदा. पहिल्या महिन्यात उचलणारीला बिनव्याजी कर्ज मिळालं, शेवटी उचलणारीची बिनव्याजी बचत झाली. कुणाला फायदा, कुणाला तोटा, पण एकूण हिशेब शून्य. मग शेवटचीला यात काय मिळतं? सक्ती. घरात ठेवलेले पैसे पाहुणा आला, पोराला ताप आला की सुटतात. भिशीचा हजार मात्र अकरा जणींच्या डोळ्यांदेखत द्यावाच लागतो. ज्यांची मिळकत रोज थोडी थोडी येते त्यांना ही सक्ती व्याजापेक्षा मोलाची वाटते.

दुसरा प्रकार बोलीचा. ज्या बाईला गरज आहे ती म्हणते, ‘मला दीड हजार कमी द्या, पण या महिन्यात मला द्या.’ तिला १०,५०० मिळतात आणि सोडलेले १,५०० बारा जणींत वाटले जातात, प्रत्येकीला १२५. यात तिला कर्ज किती महाग पडलं? हातात आले १०,५०० अधिक तिच्या वाट्याचे १२५, म्हणजे १०,६२५. त्याच महिन्याचा हजार भरला, राहिले ९,६२५. पुढे अकरा महिने हजार-हजार, म्हणजे ११,००० भरायचे. जादा गेले १,३७५. दर महिन्याला फेड होत असल्यामुळे पूर्ण रक्कम वर्षभर तिच्याकडे राहत नाही, हे धरलं तर हा दर महिन्याला शेकडा सव्वादोनच्या थोडा वर येतो. पुढच्या महिन्यांत इतर जणी बोली लावतील तेव्हा तिलाही वाटा मिळेल, त्यानं तो आणखी उतरेल. सावकाराच्या शेकडा पाचापुढे हे बरंच बरं.

जाणती बाई भिशी कधी लागावी याचाही विचार करते. चिठ्ठी भलत्याच महिन्यात निघाली तर दुसरीशी अदलाबदल करून ती फाल्गुनावर आणते, म्हणजे ज्वारीचे राहिलेले अडीच हजार त्यातून निघतात. चार घड्याळांपैकी दोन जुळली ती अशी.

धोका एकच आणि तो मोठा. एखादीनं उचलून पुढे भरणं थांबवलं तर कागद कुठे असतो? चिट फंडाचा १९८२ चा कायदा नोंदणी मागतो, गल्लीतली भिशी तोंडी चालते. म्हणून रोज तोंड दिसणाऱ्या बायकांचीच भिशी धरावी. ओळखीच्या ओळखीतून आलेली, मोठ्या व्याजाचं आमिष दाखवणारी भिशी ही भिशी नसते.

६. महागाई कुणाच्या घरातली?

‘महागाई पाच टक्के वाढली’ असं पेपरात येतं आणि घरात मात्र सात टक्के वाढल्यासारखं वाटतं. खोटं कुणीच बोलत नसतं.

घरखर्च मोजण्याच्या विषयात सोलापूरला जुना मान आहे. इथली ‘जुनी मिल’ ही कापडगिरणी १८७७ सालची. तिच्यामागून इतर गिरण्या आल्या आणि शहर कामगारांचं झालं. मुंबई इलाख्याच्या कामगार कार्यालयानं इथल्या गिरणी कामगारांच्या घरखर्चाची पाहणी करून १९२८ साली अहवाल छापला. फेब्रुवारी १९२७ ते जानेवारी १९२८ या काळातल्या भावांना १०० धरून सोलापूरच्या कामगारांचा वेगळा निर्देशांक काढला जाऊ लागला. निर्देशांक म्हणजे एका ठरावीक कुटुंबाची बाजाराची पिशवी. तिच्यात ज्वारी किती, रॉकेल किती, भाडं किती हे ठरवून घ्यायचं आणि तीच पिशवी दर महिन्याला भरायला किती लागतात ते पाहायचं.

आजही औद्योगिक कामगारांसाठी केंद्राचा श्रम ब्युरो देशातल्या ८८ केंद्रांवरून भाव गोळा करतो आणि त्यात सोलापूर आहे. निर्देशांकाच्या २००१ च्या मालिकेत देशपातळीवर अन्नाचा वाटा ४६.२० टक्के होता, २०१६ च्या मालिकेत तो ३९.१७ वर आला. पण ही झाली सरासरी. जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्येच दाखवलं होतं की घर जितकं गरीब, तितका खर्चातला अन्नाचा वाटा मोठा.

समजा अन्न दहा टक्क्यांनी महागलं आणि बाकीचं दोन टक्क्यांनी. ज्या घराचा अन्नावर ६० टक्के खर्च होतो, त्याची महागाई ६ अधिक ०.८, म्हणजे ६.८ टक्के. ज्याचा ३५ टक्के, त्याची ३.५ अधिक १.३, म्हणजे ४.८. एकाच बाजारात, एकाच दिवशी दोन वेगळ्या महागाया. म्हणून एकदा तरी महिनाभर वहीत लिहून आपल्या घरातला अन्नाचा वाटा काढून पाहावा. त्यानंतर रोज पै-पैचा हिशेब लिहायची गरज नाही, आणि तो टिकतही नाही.

७. मांडणी

पैशासारखी जागाही पुरवून वापरावी लागते. तिचा नियम छोटाच आहे. वस्तू कुठं ठेवायची हे ती कितीदा लागते यावरून ठरवायचं, तिची किंमत किती यावरून नाही. रोजचं हाताशी, आठवड्याचं उभं राहून पोचेल तिथं, वर्षाचं माळ्यावर. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. मुलीच्या लग्नात आलेली स्टीलची भांडी नजरेसमोरच्या फळीवर ओळीनं मांडलेली, आणि रोजची परात काढायला वाकून पिंपामागं हात घालावा लागतो. विडीचं सामान असलेल्या घरात एक पथ्य जास्त. तंबाखू आणि पीठ एका भिंतीला नकोत, आणि भिजवलेल्या पानांची ओल कोठीपासून लांब हवी.

८. ज्याला साठवण पुरत नाही

वरची सगळी व्यवस्था आजारपणापुढे लंगडी पडते. २ जुलै २०१२ ला राज्यात जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होतं. पुढे तिलाच महात्मा जोतिराव फुले यांचं नाव दिलं गेलं. योजनेत बसणाऱ्या उपचारांचा दवाखान्यातला खर्च ती उचलते. पण नवरा पंधरा दिवस खाटेवर पडला तर मागावरची मजुरी बंद होते आणि त्याच्याजवळ बसणाऱ्या बायकोच्या विड्याही बंद होतात. आपल्या घराचे दोन आठवड्यांचे ९,००० रुपये गेले. ते कुठल्याही योजनेच्या कागदावर येत नाहीत. विडी कामगारांच्या कल्याणासाठी १९७६ च्या कायद्यानं विड्यांवर उपकर होता, तोही २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर गेला आणि योजना सरकारी तरतुदीवर राहिल्या.

या ९,००० ची सोय काही जणी बोलीच्या भिशीतूनच करतात. दर महिन्याला वाट्याला येणारे शंभर-सव्वाशे रुपये घरखर्चात मिसळायचे नाहीत, वेगळ्या डब्यात टाकायचे. बोली चढी-उतरती असते, शेवटच्या महिन्यांत तर कुणी बोलतच नाही. तरी वर्षाचे हजारभर जमतात. त्यात अडीअडचणीला राखलेला पाचवा आठवडा मिळवला की साडेपाच हजारांच्या आसपास, म्हणजे सव्वा आठवड्याची मजुरी. पंधरा दिवसांच्या आजाराला ती पुरत नाही. सावकाराकडे ९,००० ऐवजी साडेतीन हजारांसाठी जावं लागतं.